इमानी माणूस फोडायचा तो असा

गणपतीला चाकरमानी गावी आले की भजन आटोपल्यावर पडवीत पंधरा माणसं सहज बसतात. ‘द ट्रेटर्स’ या टीव्हीवरच्या खेळाचा घरगुती डाव मांडायला तेवढी पुरतात: तीन फितूर, अकरा इमानी, एक सूत्रधार. रात्री सगळे डोळे मिटतात आणि लपलेले फितूर एका इमानीचा ‘खून’ करतात, म्हणजे त्याला डावातून काढतात; दिवसा सगळे मतं देऊन ज्याच्यावर संशय त्याला घालवतात. मतदानात फितूर गेला की त्या रात्री उरलेल्या फितुरांनी खून करायचा नाही, एक इमानी फोडायचा, म्हणजे आपल्यात ओढायचा. डाव रंगतो तो इथेच, आणि फिसकटतोही इथेच.

फिसकटतो चिठ्ठीमुळे. एकट्यालाच चिठ्ठी दिली तर कागदाची कुरकुर शेजाऱ्याला कळते. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानाचे सारखे तुकडे करून सगळ्यांना द्या. एकावर लिहा ‘आमच्यात येणार?’, बाकीच्यांवर ‘उद्या संशय कोणावर?’. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून एका शब्दात उत्तर लिहायचं. सूत्रधाराने मोठ्याने तीसपर्यंत मोजावं आणि चिठ्ठ्या एकदमच गोळा कराव्यात, कारण ज्याला बोलावणं आलंय तो कागद हातात धरून बसतो. फितुरांची नावं चिठ्ठीत नकोत. ‘हो’ आलं तरच पुढच्या रात्री डोळे उघडून ओळख.

सकाळी कोणी मेलं नाही म्हणजे रात्री माणूस फोडला, हे पोरंही ओळखतात. त्यावर तोड म्हणजे नारळ. रोज एकाला गुपचूप नारळाची चिठ्ठी द्या. त्या रात्री तो मरत नाही. मग खून फसला की माणूस फुटला, यावर चहा होईपर्यंत वाद चालतो.

फोडायचा कोणाला? ज्याच्यावर आधीच मतं पडतायत तो लगेच ‘हो’ म्हणेल, पण दुसऱ्या दिवशी जाईल. ज्याने कालचा फितूर पकडून दिला, तो घ्या. त्याच्यावर कोणाचा डोळा नसतो. फक्त तो एकदम गप्प होतो, ते सांभाळा. मागीलदारी भांडी घासताना हळूच सांगा: काल ज्याच्यावर ओरडलास, त्याच्यावरच आजही ओरड.

एकच फितूर उरला तर ‘ये, नाहीतर मर’ म्हणता येतं. पण जबरदस्तीने आलेला जाताना उट्टं काढतो. ब्रिटनच्या २०२२ च्या पहिल्या पर्वात अशाच एकाने अंतिम फेरीत जाता जाता साथीदाराकडे बोट दाखवलं, आणि १,०१,०५० पौंड इमानी घेऊन गेले. त्यापेक्षा बक्षिसाचे काजूगर निम्मे-निम्मे, असं चिठ्ठीतच लिहा.

सात जण उरले की फोडाफोडी बंद. पाचांत दोन फितूर झाले तर एक मत चुकताच दोनास दोन होतात, मग इमानींना झोपायला गेलेलं बरं.