चिविता दि बान्योरेज्योला बसने जाताना

इटलीतल्या या टेकडीवरच्या गावाला रेल्वे नाही. रोमहून साध्या रेजिओनाले (प्रादेशिक) रेल्वेगाडीने ऑर्व्हिएतो शहर गाठा आणि स्टेशनबाहेरूनच कोत्राल या बस कंपनीची, शेजारच्या बान्योरेज्यो गावाला जाणारी बस पकडा. फ्युनिक्युलरने (उतारावरच्या दोरखंडी रेल्वेने) वर ऑर्व्हिएतो शहरात जायची गरज नाही. रविवार मात्र टाळाच, त्या दिवशी ही बस नसते. वेळापत्रकातल्या काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवसांत धावतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये त्या धरूच नका. परतीचंही तिकीट आधीच, बारमध्ये किंवा तंबाखूच्या दुकानात काढून ठेवा; दुपारी दुकानं बंद असतात. बान्योरेज्योहून पुढे चिविताला चालत, शेवटी पादचारी पूल. पुलाचा शेवटचा चढ चांगलाच दम काढतो, म्हणून चाकांची बॅग मुक्कामीच ठेवलेली बरी.