सामाईक जमिनीवरील कुंपणे आणि इंग्लंडमधील बंडे: निबंधाची तयारी कशी करावी

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इंग्लंडमधील जमीनदारांनी सामाईक जमिनींना कुंपणे घातली आणि खेडुतांनी ती मोडली, एवढ्यावर हा विषय बहुधा मिटवला जातो. गोव्यातील विद्यार्थ्याने निबंध लिहिताना कुंपण घटकाभर बाजूला ठेवावे आणि त्या जमिनीवर आधी कोणाचा कोणता हक्क होता, हे प्रथम लिहून काढावे. कापणीनंतर मोकळ्या शेतांत गुरे सोडणे, पडीक रानातून सरपण आणणे, एखादी गाय चारणे, हे हक्क पुष्कळदा केवळ वहिवाटीचे होते. ज्याच्याकडे स्वतःची शेती नव्हती, त्याचा संसार त्यांवरच उभा होता.

येथे आपली गावकारी, म्हणजे गावाची जमीन समूहाने सांभाळण्याची जुनी व्यवस्था, आठवणे स्वाभाविक आहे, पण तुलना जपून करावी. गावकारीत जमिनीची मालकीच गावकारांच्या समूहाकडे होती, शेते पावणीने, म्हणजे लिलावाने, दिली जात आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न गावकारांत वाटले जाई. इंग्लंडमध्ये मात्र पडीक रान सामान्यतः जमीनदाराचे आणि इतरांचा त्यावर फक्त वापराचा हक्क, अशी स्थिती होती. साम्य शोधायचेच असेल, तर गावात राहूनही वाट्याबाहेर असलेल्या मुंडकाराकडे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याकडे, पाहावे.

त्यानंतर कुंपणाचा प्रकार तपासावा. नांगराची जमीन मेंढ्यांसाठी कुरण झाली असेल, तर मजुरी आणि घरे दोन्ही जात. उलट आग्नेय इंग्लंडमधील केंटसारख्या भागात बरीच जमीन फार पूर्वीच बंदिस्त झालेली होती. त्यामुळे प्रत्येक कुंपणामागे उजाड खेडे गृहीत धरू नये.

बंडखोरांच्या मागण्या मात्र सावकाश वाचाव्यात, कारण खरा ऐवज तेथे आहे. 1549 मध्ये नॉर्फकमध्ये रॉबर्ट केट याच्या नेतृत्वाखाली हजारो लोक नॉरिचजवळच्या माळावर जमले. केट स्वतः जमीनदार होता आणि सुरुवातीला त्याचीही कुंपणे मोडली गेली होती! त्यांच्या 29 मागण्यांत कुंपणाचा उल्लेख आहे, पण जमीनदारांनी सामाईक रानात आपली जनावरे चारू नयेत, खंड पूर्वीच्या दरावर आणावा आणि वेठबिगारांना मुक्त करावे, या मागण्याही आहेत. म्हणजे काही ठिकाणी तक्रार कुंपणाइतकीच, जमीनदाराच्या कळपांनी मोकळे रान खाऊन टाकण्याची होती.

मागण्यांशेजारी धान्याचे भाव आणि लोकसंख्या ठेवावी. सोळाव्या शतकात दोन्ही वाढत गेले, मजुरी मागे पडली आणि 1594 ते 1597 या काळात पिके सलग बुडाली. 1607 मध्ये नॉर्थॅम्प्टनशर, वॉरिकशर आणि लेस्टरशर येथे उठाव झाला आणि न्यूटन या खेड्यात चाळीसहून अधिक लोक मारले गेले, तेव्हा कुंपणाचा राग आणि धान्याची धास्ती वेगळी काढता येत नाही.

सरकार गप्प होते, असेही लिहू नये. खेडी ओस पडू नयेत म्हणून 1489 मध्ये कायदा झाला आणि 1517 मध्ये चौकशी आयोग नेमला गेला; परंतु स्थानिक अंमलबजावणी बहुधा जमीनदार वर्गाच्याच हाती होती. शेवटी शतकांची सरमिसळ टाळावी: संसदेने एकेका गावासाठी कायदे करून जमिनी बंदिस्त करण्याचा मोठा काळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला असून, केटच्या बंडाची कारणे त्यातून दाखवता येत नाहीत.