आखूड डायपोल: एसडब्ल्यूआर सुंदर, सिग्नल कमजोर? या चुका टाळा

हौशी रेडिओवर ७.१ मेगाहर्ट्झसाठी पूर्ण डायपोल (मध्यभागी केबल जोडलेला दोन तारांचा अँटेना) सुमारे २० मीटर लागतो. जागा निम्मीच असेल तर प्रत्येक बाजूला ५ मीटर तार आणि तिच्या मध्यावर २३-२४ मायक्रोहेन्रीची कॉईल, ही मांडणी चांगली चालते. फसगत होते ती एसडब्ल्यूआरवर (केबल आणि अँटेना किती जुळतात ते सांगणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) भिस्त ठेवल्याने.

या अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स (शक्ती लहरी बनून बाहेर पडते त्याचा हिशेब देणारा रोध) २०-२५ ओहमच असतो. क्यू (कॉईलचा दर्जा सांगणारा आकडा; जास्त म्हणजे तोटा कमी) २०० असलेल्या दोन कॉईलींचा तोटा ९ ओहमच्या आसपास. बेरीज ३२, आणि केबल ५० ओहमची, म्हणून एसडब्ल्यूआर १.५ च्या थोडा वर. क्यू ५० वर आला की तोटा ३६ ओहम, बेरीज ५९ आणि एसडब्ल्यूआर १.२! मीटर छान दिसतो, पण १०० वॅटपैकी साठेक वॅट कॉईली तापवण्यात जातात. त्यामुळे १.५ दिसला म्हणून चांगली कॉईल काढू नका. एसडब्ल्यूआर २ च्या आत राहणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा ६०-६५ किलोहर्ट्झ असणे स्वाभाविक आहे. तो शंभराच्या पुढे गेला तर तोटा शोधा. अँटेना उतरवण्याजोगा असेल तर मिनिटभर कॅरिअर (आवाजाविना सलग सिग्नल) द्या, ट्रान्समीटर बंद करा आणि लगेच कॉईलला हात लावून बघा.

५० मिमी पाइपवर १ मिमी तारेचे २८ वेढे, मध्ये १ मिमी फट ठेवून घ्या. वेढे चिकटवले तर क्यू घसरतो, शिवाय १०० वॅटला कॉईलच्या टोकांमध्ये दीड हजार व्होल्टहून जास्त दाब येतो. वेढे वाचवायला आत फेराइटची कांडी घालू नका. तारेचा ताण पाइपच्या भोकांवर येऊ द्या, सोल्डरवर नको. कॉईल फीड पॉइंटला (केबल जोडतो तिथे) आणली तर वेढे कमी लागतात खरे, पण रेडिएशन रेझिस्टन्स जवळजवळ निम्मा होतो. तो सौदा परवडत नाही.

ट्यूनिंग करताना घाईने कात्री चालवू नका. दोन्ही टोकांना १-१ सेंटीमीटर कापले तरी रेझोनन्स (अँटेना जिथे नेमका जुळतो ती फ्रिक्वेन्सी) १०-१५ किलोहर्ट्झ वर सरकतो. आधी टोके दुमडून पाहा, तेही अँटेना अंतिम उंचीवर चढवूनच.

कोॲक्सला (अँटेनाच्या केबलला) हात लावताच एसडब्ल्यूआर हलतो? केबलच अँटेनाचा भाग झाली आहे. फीड पॉइंटला एफटी २४०-३१ या फेराइट रिंगवर कोॲक्सचे १०-१२ वेढे घ्या.

पावसात रेझोनन्स खाली गेला तर वेढ्यांत पाणी साचले आहे. कॉईलवर सैल आवरण घाला आणि खाली निचऱ्याचे भोक ठेवा.