सर्व्हे करताय? आधी कुलपं मोजा

वीसेक वर्षं संस्थांचे फॉर्म आणि अहवाल तपासतोय. चुका त्याच त्या. नवी मुलं नवे टॅब घेऊन जुन्याच चुका करतात, एवढाच फरक.

जानेवारीत बीडला सर्व्हे

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून सविस्तर सांगतो. शिरूर कासार-पाटोदा पट्ट्यातल्या काही गावांत लहान मुलांच्या कुपोषणाची बेसलाइन, म्हणजे काम सुरू करण्याआधीची पाहणी, करायची होती. पैसे डिसेंबरात आले, अहवाल मार्चच्या आत हवा होता, म्हणून जानेवारीत निघालो. कार्यकर्ते दारोदार फिरले. कुलूप दिसलं की 'घर बंद'वर टिक आणि पुढचं घर. आकडे इतके छान आले की आम्हीच खूश. दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी, म्हणजे अतितीव्र कुपोषित, अशी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

गावबैठकीत हे वाचून दाखवलं. मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कारखान्याला गेलेली लेकरं धरलीस का रे यात?"

नव्हती धरली. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास पोराबाळांसकट ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. राहायचं कोपीत, म्हणजे झोपडीत, पहाटे अंधारात उसाच्या फडात. ज्यांच्या लेकरांसाठी कार्यक्रम आखायचा, नेमकी तीच आमच्या आकड्यांत नव्हती. मागे उरले होते बऱ्या शेतीचे, नोकरीवाले आणि म्हातारे. बंद घरांचा आकडा आम्ही तळटीपेत ढकलला होता, आणि सगळ्या अहवालात कामाचा आकडा तेवढाच होता. एप्रिलच्या उन्हात सगळं परत केलं, पदरचे पैसे घालून.

यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. मी आता फॉर्म बनवायच्या आधी एक संध्याकाळ बायकांसोबत बसतो. जमिनीवर चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा चौकोन आखायचे. काम किती, उसनवारी किती, दुखणीखुपणी किती, गावात माणसं किती, तेवढे चिंचोके ज्या-त्या चौकोनात ठेवायचे. कार्तिकानंतर माणसांच्या ओळीतले चिंचोके भराभर कमी होतात. सर्व्हे कधी करायचा ते तासाभरात कळतं. पण नव्या मंडळींना हा तास 'वाया गेल्यासारखा' वाटतो. त्यांना पहिल्याच दिवशी 50 फॉर्म हवे असतात.

देवळासमोरचा नकाशा

लोकसहभाग म्हणजे रांगोळीचा गावनकाशा आणि त्याचा फोटो, अशी एक समजूत घट्ट बसलीय. सकाळी अकराला, देवळासमोर, सरपंचांच्या देखरेखीखाली. अकराला मजूर बाई कुठे असते? शेतात. मग रांगोळी कुणाच्या हातात असते ते सांगायला नको.

एका गावात नकाशावर शाळा, देऊळ, डेअरी, टाकी, झाडून सगळं आलं होतं. ओढ्यापलीकडची वस्ती तेवढी नव्हती. विचारलं तर म्हणे, ती गावाबाहेर आहे. मतदारयादीत मात्र होती.

तेव्हापासून एका गावाचे निदान तीन नकाशे काढतो. पहिला वस्तीवर, रात्रीच्या जेवणानंतर, बायकांकडून. देवळासमोरचा सगळ्यात शेवटी. हे तीन जिथे जुळत नाहीत तिथे मी पुन्हा जातो. जुळलेल्या भागात फार वेळ घालवत नाही.

बाकीच्या झटपट

ऐंशी प्रश्नांचा फॉर्म: उत्तर आल्यावर कामात काय बदलणार ते सांगता येत नसेल, तर प्रश्न खोडा. मी निम्मे खोडतो आणि आजवर कुणालाच त्यांची आठवण आलेली नाही.

वजनकाटा: रोज सकाळी शून्यावर आणा, मग किराणा दुकानातलं पाच किलोचं माप ठेवून बघा.

लाभार्थी: एक बाई तीन प्रशिक्षणांना आली तर त्या तीन बाया होत नाहीत.

आजारी माणसांच्या नावांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर: नाही म्हणजे नाही.

आकडे गावाला परत न देणे

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात गावकऱ्यांनीच दवाखान्याच्या सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. ते तक्ते चारचौघांत लागले आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर मांडले गेले. औषध मिळत नाही म्हणजे लाल, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. आणि आपण काय करतो? पुण्यात बसून डॅशबोर्ड बनवतो आणि ज्यांची माहिती त्यांनाच लिंक पाठवतो, जिथे फोनला रेंज यायला टेकडी चढावी लागते.

माझा हिशोब पंधरा दिवसांचा. शेवटचा फॉर्म भरला की पंधरा दिवसांत आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, खडूने, कच्चे असले तरी. खडूने लिहिलेलं लोक बिनधास्त खोडतात. छापील फ्लेक्सवर चूक दिसली तरी सहसा कुणी बोलत नाही.