घोड्यासाठी हिवाळी झूल कशी निवडावी: विदर्भातल्या थंडीचा हिशेब

पहाटे पाचला कोठ्यात गेलो की मी दिवा लावायच्या आधी झुलीखाली हात घालतो. पुढच्या पायाच्या कोपरामागे, मग मान संपते तिथल्या उंचवट्यामागे, मग पुठ्ठ्यावर. हाताला कोरडं आणि कोमट लागलं की झूल बरोबर आहे. घामट, चिकट लागलं तर जास्त झाली. गार लागलं आणि अंग आखडलेलं वाटलं तर कमी पडली. कानाला हात लावून थंडी ठरवू नका. कान गार असूनही घोडं आतून छान उबदार असू शकतं.

आम्ही परतवाड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. घरी दोन घोड्या आहेत. थोरली म्हातारी झाली आहे, दात झिजलेत, तिला कडबा कुट्टी करून द्यावा लागतो. धाकटी लग्नसराईत वरातीला जाते. दोघींना एकच झूल चालत नाही, आणि ते कळेपर्यंत माझे बरेच पैसे गेले.

आधी ठरवा: झूल लागते का?

आपल्याकडची थंडी विचित्र आहे. डिसेंबरात रात्री 10-12 अंश आणि दुपारी 28-29. एका दिवसात सोळा-सतरा अंशांचा फरक. थंडीची लाट आली की मात्र पारा घसरतो. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला तो 3.5 अंशांवर उतरला होता. चिखलदरा तर 1,100 मीटरच्या वर आहे, तिथली रात्र वेगळीच.

धडधाकट, अंगावर पुरेसे केस असलेलं, पोट भरलेलं मोठं घोडं कोरड्या हवेत साधारण 5 अंशांपर्यंत आरामात राहतं. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक रात्री तरण्या घोड्याला झूल लागतच नाही. थंडीत घोड्याचे केस उभे राहतात, त्यात हवा अडकते, तीच त्याची दुलई. त्यावर पातळ, बिनभरावाची झूल टाकली तर केस दबतात आणि उलट ऊब कमी होते. कोरड्या थंडीत नुसती चादर टाकून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरी गोष्ट पोटाची. कडबा, गवत यांतला तंतुमय भाग घोड्याच्या मागच्या मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून सतत उष्णता तयार होते. म्हणून लाटेच्या रात्री खुराक न वाढवता वैरण वाढवावी, झोपायच्या आधी एक पेंढी जास्त टाकावी. वैरण कमी आणि झूल भारी, असा उलटा कारभार मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे.

मग झूल कोणाला? म्हाताऱ्या, वाळलेल्या, आजारातून उठलेल्या घोड्याला, लहान शिंगराला, केस कापलेल्या जनावराला. आणि रात्री बाहेर राहणाऱ्या कोणत्याही घोड्याला, जर पाऊस यायचा असेल तर. केस भिजून चिकटले की त्यातली हवा निघून जाते आणि 12 अंशांतही घोडं थरथर कापतं. जानेवारी-फेब्रुवारीतला अवकाळी पाऊस आणि त्यावर सुटलेला वारा, आपल्याकडे घोड्याचा खरा वैरी हाच.

दोन कामं, दोन झुली

मोकळ्यावर राहणाऱ्या घोड्याच्या झुलीला दुकानदार टर्नआउट रग म्हणतात. ती वॉटरप्रूफ असते आणि घोडं चरलं, लोळलं, पळलं तरी अंगावर टिकावी अशी शिवलेली असते. कोठ्यात घालायची स्टेबल रग वॉटरप्रूफ नसते. ऑनलाइन फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून खालचा मजकूर वाचूनच मागवा.

वरातीच्या घोडीचं गणित मात्र तिसरंच आहे. दोन-तीन तास बँडसमोर नाचून ती घामाने निथळते, आणि रात्री एकला उघड्या टेम्पोत उभी करून तिला घरी आणतात. ओलं अंग आणि चालत्या गाडीचा वारा. आमच्या गावात आयुष्यभर घोडे सांभाळलेले एक काका आहेत. धाकटीला मी पहिल्यांदा अशी आणली तेव्हा ते रागावले, "आधी आंग सुकव तिचं, मंग पांघरव!" तेव्हापासून टेम्पोत एक पोतं तणीस आणि एक घोंगडी असतेच. आधी तणसाचा बोळा करून पाठ, छाती, मांड्या चोळायच्या, मग घोंगडी टाकायची. लोकर घाम वर ओढून घेते आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने घोंगडीच्या वरच्या अंगाला दव पडल्यासारखं पाणी दिसतं आणि खाली पाठ सुकत आलेली असते. पूर्ण सुकल्यावरच दुसरी झूल. घामेजल्या अंगावर वॉटरप्रूफ झूल टाकली तर घाम आतच कोंडतो, आणि मग केसांखाली खपल्या धरतात.

गोधडी किंवा वाकळ घालू नये. आपण कापसाच्या मुलखातले, कापसाच्या उबेवर आपला फार विश्वास. पण कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो. धुईच्या एका रात्रीत गोधडी चांगलीच जड होते, आणि सकाळी ती ओली, गार वस्तू घोड्याच्या पाठीवर असते. ताडपत्रीचा दोष उलटा आहे. पाऊस अडतो, पण अंगाची वाफही अडते, आणि आतून घोडं भिजतं.

वरचं कापड: इथे पैसे घाला

कापडाच्या मजबुतीसाठी डेनियर हा आकडा लिहितात. 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. 600 म्हणजे साधारण शाळेच्या दप्तराचं कापड. 1200 त्याहून बरंच दणकट, आणि 1680 चं बॅलिस्टिक नायलॉन आडदांड घोड्यासाठी. सारख्याच आकड्यात नायलॉन हे पॉलिस्टरपेक्षा चिवट. रिपस्टॉप लिहिलं असेल तर कापडात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट असते, त्यामुळे एकदा फाटलं तरी चीर पुढे धावत नाही.

आपल्या धुऱ्यावर बोरी-बाभळी, कुंपणाला काटेरी तार, वावरात पऱ्हाटीची खुंटं. घोडं बाहेर राहणार असेल तर मी 1200 रिपस्टॉपच्या खाली जाणार नाही. घराजवळच्या मोकळ्या, साफ जागेत 600 चालून जातं.

पाण्यासाठीचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. 3000 मिमी म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब येईपर्यंत कापडातून पाणी झिरपलं नाही. वाफ बाहेर सोडण्याचा आकडा ग्रॅममध्ये असतो, एका चौरस मीटरमधून 24 तासांत किती ग्रॅम वाफ जाते तो. दोन्ही 3000 च्या आसपास असले की आपल्याला पुरे. दुसरा आकडा लिहिलेलाच नसेल तर ती झूल मी सोडून देतो, कारण आपल्या उन्हात तोच जास्त कामाचा.

दुकानात जाऊन घेत असाल तर पाठीच्या मधोमध शिवण आहे का ते पाहा. पाणी पाठीच्या कण्यावर पहिलं पडतं, तिथे शिवण असेल तर गळती तिथूनच सुरू होते. कापडाचा खळगा करून त्यात ग्लासभर पाणी ओता, दहा मिनिटांनी खालून बोट फिरवा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

भराव किती?

आतल्या पॉलिस्टर भरावाचं वजन चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात: 0, 50, 100, 200, 300, 400. जाहिरातीत 300-400 चे फोटो फार छान दिसतात. ते बर्फाच्या देशासाठी आहेत. आपल्याकडे धडधाकट घोड्याला अवकाळी पावसात 0 ते 50 पुरतं. म्हाताऱ्या किंवा वाळलेल्याला 100. 200 ची गरज चिखलदऱ्यासारख्या उंच गावात, किंवा थंडीच्या लाटेत आजारी जनावराला. त्यापुढे विदर्भात जाऊ नये.

कारण सकाळचं ऊन. नऊ वाजता 20 अंश, अकराला 25. शेतात कापूस वेचायच्या घाईत झूल काढायची राहून गेली की घोडं त्यात शिजतं. जाड झुलीत चूक झाली तर ती फार महाग पडते, पातळ झुलीत भागून जातं. शंका असेल तेव्हा एक पायरी कमी घ्या.

माप: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

थोरलीसाठी मी पहिली झूल एका घोडेबाजारातून घेतली, नुसत्या अंदाजाने. विकणारा म्हणाला, सगळ्या घोड्यांना बसते. तिला ती तीन इंच मोठी होती. रात्रभर मागे सरकायची, गळपट्टी उंचवट्यावर येऊन बसायची. आठव्या दिवशी तिथले केस गेले, दहाव्या दिवशी कातडी सोलवटली. पाठ लागलेली घोडी महिनाभर खोगिराविना ठेवावी लागली. तो चट्टा आजही पांढऱ्या केसांचा आहे, खरारा करताना रोज हाताखाली येतो.

माप असं घ्या. घोडं सपाट जमिनीवर, चारी पाय सरळ, मान नेहमीच्या उंचीवर. शिंप्याचा टेप 60 इंचांचा असतो, तो पुरत नाही, म्हणून सुतळी घ्या. एक टोक छातीच्या बरोबर मध्यावर धरा, खांद्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून आडवी नेत पुठ्ठ्याच्या मागच्या कडेपर्यंत आणा. गाठ मारा आणि नंतर मोजा. धाकटीची सुतळी 69 इंच भरली.

हेच 69 इंच ब्रिटिश मापाच्या झुलीवर 5 फूट 9 इंच असं लिहिलेलं असतं. युरोपातल्या मापात मात्र पाठीची लांबी सेंटिमीटरमध्ये धरतात, तिथे त्याच घोडीला साधारण 125 येईल. आकडा पाहून गोंधळू नका, कुठलं माप आहे ते विचारा. मापं तीन-तीन इंचांनी वाढतात. सुतळी मधेच आली तर बहुधा वरचं माप बरं, पण अरुंद छातीच्या, सडपातळ मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याला खालचंही घालून पाहावं.

अंगावर घातल्यावर गळपट्टी उंचवट्याच्या चार बोटं पुढे बसली पाहिजे. छातीपाशी तळहात सहज आत गेला पाहिजे. मागची कड शेपटीच्या मुळापाशी संपावी, आणि बाजूने झूल कोपर व मागच्या मांडीचा सांधा झाकेल इतकी खाली यावी. खांद्यापाशी कळी घातलेली असेल तर उत्तम, पुढचा पाय टाकताना कापड ओढलं जात नाही. घोड्याला खाली मान घालून दोन घास खाऊ द्या. त्या वेळी छातीवरचं बक्कल रुतत असेल तर ती झूल परत करा.

पट्टे

पोटाखाली एकमेकांना छेद देणारे दोन पट्टे हवेत, पोट आणि पट्टा यांत एक तळहात बसेल इतके सैल. त्याहून सैल ठेवले तर बसताना खूर अडकतो. मांड्यांचे पट्टे एकमेकांत ओवून लावायचे, म्हणजे ते मांडीला घासत नाहीत. वेल्क्रोवर भिस्त ठेवू नका, कुसळं आणि कुटार भरलं की ते धरत नाही. घालताना छाती, मग पोट, मग मांड्या. काढताना बरोबर उलट.

पहिली रात्र आणि पुढे

नवी झूल आधी दिवसा, घरच्या माणसाच्या हातात दोरी असताना घाला. कापडाचा आवाज नवा असतो, काही घोडी बिचकतात. तासभर तिच्यावर नजर ठेवा, मग रात्रीची. त्यानंतर रोज सकाळी झूल पूर्ण काढायची, खरारा करायचा, छाती, खांदे आणि उंचवटा बोटांनी चाचपायचा. दिवसेंदिवस झूल न काढता ठेवली तर खाली घोडं किती वाळलं, कुठे गोचीड बसले, काहीच कळत नाही.

एका घोड्याची झूल दुसऱ्याला घालू नका. गजकर्णासारखे कातडीचे रोग त्यातून जातात. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवावर बेतणारा साथीचा रोगही दूषित सामानातून पसरू शकतो, आणि तो माणसालाही होतो. म्हणून जत्रेतून स्वस्तात मिळते म्हणून वापरलेली झूल आणू नका.

नवी झूल हाताशी लागत नसेल तर बॅगा शिवणाऱ्याकडून 600 डेनियरच्या कापडाची शिवून घेता येते. पाठीवर अखंड पन्हा, आत गुळगुळीत पॉलिस्टरचं अस्तर, खांद्याला कळी, पट्ट्यांच्या मुळाशी दुहेरी शिवण. त्यातून वाफ नीट जात नाही, म्हणून ती फक्त पावसाच्या रात्रीपुरती वापरावी आणि उजाडताच काढावी.

होळीच्या सुमारास झूल आवरताना वाळला चिखल मऊ ब्रशने झाडा आणि साध्या गार पाण्याने धुवा. गरम पाणी आणि कपड्याचा साबण लावला तर पाणी अडवणारा थर जातो. सावलीत पूर्ण वाळवा. फाटलं असेल तर तेव्हाच शिवून घ्या, डिसेंबरात शिंप्याकडे लग्नाची गर्दी असते. उंदीर पोचणार नाहीत अशा आढ्याला दोरीने टांगा, घड्यांत कडुलिंबाचा वाळला पाला टाका, आणि ती कोणत्या घोडीची आहे ते आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.