गोठ्यात नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी अंथरूण शिका

दुधाच्या गोठ्यात कामाला लागलो तेव्हा धार काढणे हेच खरे काम आणि शेणघाण ही वरकड कामे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात गाय दिवसाचे दहा ते चौदा तास बसून काढते आणि तेवढा वेळ तिची कास अंथरुणाला टेकलेली असते. म्हणून नवख्या माणसाने धारेच्या आधी अंथरूण शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्याच महिन्यात माझी मोठी चूक झाली. ओला भुसा न उपसता मी रोज त्यावर कोरडा थर पसरत गेलो. वरून अंथरूण पिवळेधमक दिसे. पण हात खाली घातला की कोमट, चिकट लगदा लागे. थोड्याच दिवसांत दोन गायींना कासदाह, म्हणजे आपण दगडी म्हणतो तो आजार झाला आणि एकीच्या पहिल्या धारेत दह्यासारख्या गुठळ्या आल्या. शेण, मूत्र आणि ऊब एकत्र आली की भुशात व काडात जंतू झपाट्याने वाढतात. अंथरूण वाळूचे केले, तर तिच्यात त्यांना पोसणारे फारसे काही नसते. मात्र ती गटारात साचते आणि पंप झिजवते, तेव्हा निचरा पाहूनच तिची निवड करावी.

आता मी अंथरुणावर गुडघे टेकून वीस-पंचवीस सेकंद थांबतो आणि गुडघे ओलसर झाले, तर ती जागा तळापर्यंत उपसतो. गायी धारेला गेल्या की मागच्या बाजूचे शेण व ओले अंथरूण खरवडून काढावे आणि नवे पसरावे. त्याच वेळी गव्हाणीत ताजी वैरण टाकून ठेवावी, कारण धारेनंतर सडाचे तोंड निदान अर्धा तास पुरते मिटत नाही आणि खाण्यात गुंतलेली गाय तेवढा वेळ उभी राहते.

वासरांचे काड याहून जाड हवे. थंडीत वासरू बसले की त्याचे पाय काडात दिसेनासे व्हावेत. तिथे खाली बसून वासही घ्यावा. उभ्या माणसाला न जाणवणारा अमोनिया वासराच्या नाकाच्या उंचीवर झोंबतो, आणि तसे झाले तर तो कप्पा त्याच दिवशी पूर्ण रिकामा करून, फरशी वाळवून, नव्याने भरावा.