घर आवरताना निघालेले कपडे, भांडी आणि आयकरातली सूट

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगरातलं जुनं घर रिकामं करायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली येतं: पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, लोखंडी कॉट, साड्यांनी भरलेल्या पेट्या. हे कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं, आणि दानावर करात सूट मिळते हेही कानावर असतं. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा. आयकर कायद्याच्या कलम ८०जी खालची सूट (इथले कलमांचे क्रमांक १९६१ च्या जुन्या कायद्यातले आहेत) फक्त पैशाच्या दानावर मिळते. कपडे, भांडी, फर्निचर, धान्य, काहीही वस्तुरूपाने दिलं तर सूट शून्य. कलमाच्या स्पष्टीकरण ५ मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे. संस्थेने पावतीवर ‘अंदाजे किंमत १५,००० रुपये’ असं लिहून दिलं तरी ती रिटर्नला चालत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांना तिथे जुन्या कपड्यांवर सूट घेता येते, त्यावरून गैरसमज होतो. तो कायदा तिकडचा.

सूट हवी असेल तर मार्ग एकच: ज्याला बाजारात किंमत आहे ते विका, आलेले पैसे दान करा. ज्याला किंमत नाही पण उपयोग आहे ते तसंच द्या, आणि त्यावर सुटीची अपेक्षा ठेवू नका.

विकायच्या ढिगात तांबं, पितळ, स्टील, चालू स्थितीतली यंत्रं आणि सागवानी फर्निचर टाका. अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, बोलावण्यापूर्वी तांब्या-पितळेच्या प्रत्येक भांड्याला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तांबं आणि पितळ वेगवेगळं ठेवा, कारण तांब्याचा भाव जास्त असतो आणि एकत्र तोललं की सगळं पितळाच्या भावाने जातं. घरच्या काट्यावर वजन करून कागदावर लिहून ठेवा. बर्तन बाजारात मोडीचा भाव आधी विचारा, मगच दारावरच्या माणसाशी बोला.

साड्यांचं थोडं थांबून पाहा. जुन्या महेश्वरी किंवा पैठणीचा पदर फाटलेला असला तरी त्यावरची जर खरी, म्हणजे चांदीच्या तारेची, असू शकते, आणि खऱ्या जरीला वजनावर पैसे मिळतात. काठाच्या टोकाचा एकच धागा ओढून काढा, चिमट्यात धरून काडी लावा. प्लॅस्टिकची जर आक्रसून तिचा काळा मणी होतो. खऱ्या जरीतलं रेशीम जळतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे बारीक तार उरते. अशी साडी कपड्यांच्या गाठोड्यात घालू नका.

या विक्रीवर कर लागतो का? स्वतःच्या वापरातले कपडे, भांडी, फर्निचर ही वैयक्तिक वापराची मालमत्ता. ती विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रं, शिल्पं मात्र या सवलतीत येत नाहीत. आजीची नथ विकून दान करायचं मनात असेल तर आधी सीएला विचारा.

आता दान. रोख दिलेलं २,००० रुपयांच्या वर असेल तर त्यावर सूट नाही, म्हणून विक्रीचे पैसे बँकेत भरून चेक, यूपीआय किंवा ट्रान्सफरनेच द्या. ज्याच्या रिटर्नमध्ये सूट घ्यायची त्याच्याच खात्यातून पैसे जाऊ द्या. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो: भांडी सासूबाईंची, पैसे सुनेच्या खात्यातून, पावती मुलाच्या नावावर. पावतीवरचं नाव आणि पॅन रिटर्न भरणाऱ्याचाच हवा.

संस्था निवडताना तिच्याकडून ८०जीच्या मान्यतेचा आदेश मागून घ्या आणि त्यावरची मुदत वाचा. २०२१-२२ च्या सुमारास जुन्या संस्थांना नव्याने मान्यता घ्यावी लागली होती. त्यांपैकी पुष्कळांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच होती. नूतनीकरण झालं का, हे विचारायला संकोच करू नका. चांगली संस्था कागद लगेच दाखवते.

साधी पावती पुरेशी नाही. संस्था वर्षभराच्या दानांचं विवरण फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत भरते आणि त्यानंतर तुम्हाला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र देते. त्यावर एआरएन, म्हणजे दानाचा संदर्भ क्रमांक, असतो. रिटर्नच्या ८०जी तक्त्यात तो क्रमांक, संस्थेचा पॅन, पत्ता आणि रक्कम भरायची. हे नोकरदारांच्या फॉर्म १६ मध्ये बहुधा आलेलं नसतं, स्वतः टाकावं लागतं. प्रमाणपत्र हातात आलं की पॅनचं एक-एक अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर संस्थेला १०बीडी दुरुस्त करायला सांगा. तुमच्या बाजूने ती दुरुस्त होत नाही. घाईने जूनच्या आधी रिटर्न भरू नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, तेव्हा कागद कोणत्या वर्षाचा ते नीट पाहा.

हिशोब असा. बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्के सूट मिळते, आणि पात्र दान समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरतात. एकूण उत्पन्न १६ लाख, त्यातून ८०सी (बचत-गुंतवणूक) चे दीड लाख आणि ८०डी (आरोग्य विमा) चे ५०,००० वजा केले तर १४ लाख. म्हणजे मर्यादा १,४०,०००. भांडी विकून आलेले २०,००० दान केले तर सूट १०,००० ची, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह कर वाचतो ३,१२० रुपये. मध्य प्रदेशचा मुख्यमंत्री सहायता कोष किंवा पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी यांना दिलं तर पूर्ण २०,००० ची सूट, मर्यादेशिवाय.

पण हे सगळं जुन्या करपद्धतीतच. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जी नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे साधारणपणे कर लागतच नाही, त्यामुळे त्याच्या आत असणाऱ्यांनी सुटीसाठी जुन्या पद्धतीत जाऊ नये. मोठं घरभाडं किंवा गृहकर्जाचं व्याज असेल तरच दोन्ही आकडे मांडून पाहा.

कुणी ‘जास्त रकमेची पावती देतो, उरलेले रोख परत घ्या’ म्हणालं तर तिथून उठा. खोट्या दाव्याला चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड आहे.

राहिले कपडे. ते धुऊन, पूर्ण वाळवून द्या; दमट गाठोड्याला दोन दिवसांत बुरशी धरते आणि सगळंच फेकावं लागतं. खिसे उलटून पाहा. तुटलेली बटणं लावा, चेन चालते का बघा, बूट-चपलांची जोडी सुतळीने बांधा. अंतर्वस्त्रं आणि फाटक्या चादरी गाठोड्यात नकोत. चादरी फडक्यांसाठी वेगळ्या ठेवा. बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे असे वेगळे गठ्ठे करून वर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे घेणाऱ्याला उपसाउपस करावी लागत नाही. स्वेटर आणि गोधड्या दिवाळीच्या आतच पोचवा. जानेवारीत दिलेल्या स्वेटरचा निम्मा हिवाळा गेलेला असतो. नगर निगमची आरआरआर केंद्रं (जुन्या वस्तू पुनर्वापरासाठी घेणारी) किंवा जवळचा वृद्धाश्रम, कुठेही द्या, फक्त आधी फोन करून त्यांना काय हवं आहे ते विचारा.